फक्त ओठ

"तू बस लिप्स हिला. आवाज मत निकाल."

हेतवीनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ये तो कंपनी में चिल्लाते हैं वैसे गाती है." सगळे हसले. मीही थोडी हसले.

आमच्या कॉलेजचा वाद्यांशिवाय गाणारा ग्रुप. सिनेमाची गाजलेली गाणी नुसत्या तोंडानं उभी करायची. कुणी तबला व्हायचं, कुणी गिटार. हेतवी मुख्य गायिका. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ग्रुपमध्ये घेतलं, याचंच अप्रूप होतं. म्हणून मान हलवली.

आवाज मोठा आहे माझा, खरंय. आई धाग्याच्या कंपनीत मशीनवर असते. तिथे ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. खानदेशातून कामासाठी येऊन घेतलेल्या डोकमर्डीच्या भाड्याच्या खोलीत आली तरी ती तशीच बोलते. आम्हीही.

रोज तालमीला जायचे. ओठ हलवायचे. घरी यायचे. गाऊन मी कधी थकले नव्हते. न गाता थकू लागले.

स्पर्धेसाठी, ग्रुप बसवणाऱ्या सरांना काहीतरी 'लोकल' हवं होतं. सर मुंबईचे. म्हणाले, "तुमच्या खानदेशातलं एखादं सांग ना गं." मी हळदीचं गाणं दिलं. आमच्याकडे त्यात बाईचं नाव घालतात. नाव आलं की त्या बाईनं उठून पुढे यायचं, नवरीला हळद लावायची. शिकवताना सवयीनं आईचंच नाव घातलं. सुमनबाई. हेतवीला ते फार मजेशीर वाटलं. नाव राहिलं. गाणं तिला मिळालं.

"सर, हे तरी मी गाऊ?"

"अगं, तुझा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही ना."

स्पर्धेला आई आली. कंपनीतली पाळी बदलून, लग्नाकार्याची साडी नेसून. शेवटच्या रांगेत बसली. सिनेमाची गाणी झाली. मग हळदीचं. हेतवीनं मान वेळावत "सुमनबाई" म्हटलं आणि आई उठली. सवयीनं. हसत दोन पावलं पुढेही आली.

सभागृहात हशा फुटला. "आंटी, बैठ जाओ, आपकी शादी नहीं है!"

हेतवीनं नाव पुन्हा घेतलं. मुद्दाम. आई मधल्या वाटेत तशीच उभी. कुठे बसावं ते तिला कळेना. आणि माझे ओठ अजून हलत होते. तिच्याच नावावर.

मी तोंड मिटलं. रांगेतून बाहेर आले. पायऱ्या उतरले. आईचा हात धरला. मागे गाणं अडखळलं.

 रस्त्यात आई हळूच म्हणाली, "तुनं तोंड हालत व्हतं. तुना आवाज कोठे व्हता, बेटा?"



दुसऱ्या दिवशी हेतवी भेटली. "मजाक था यार. अगले प्रोग्राम में आ जा, बस खड़ी रहना."

भांडायचं त्राण नव्हतं. "नहीं आऊंगी," एवढंच म्हणाले. पण घरी बोलते तसं. व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. बघू दे.

जिथे माझा आवाज नको, तिथे मी उभी राहणार नाही. ओठही देणार नाही.

आई मात्र त्या दिवसापासून घरात हळू बोलते. मी तिच्याशी मुद्दाम मोठ्यानं बोलते. ती पुन्हा ओरडून उत्तर देईपर्यंत बोलत राहणार आहे.