मालूबाईंचे बोंबील आणि भिवाजींचे टोमॅटो

माजिवड्याला आज जिथे सतरा मजली इमारत उभी आहे, तिथे पूर्वी भिवाजींचं भाताचं शेत होतं. शेत गेलं, बदल्यात अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. पण भिवाजींच्या लेखी जमीन अजून त्यांचीच आहे, फक्त जरा उंच झाली आहे. लिफ्टमध्ये कुणी नवखा भेटला की ते त्याला सांगतात, तुम्ही उभे आहात ना, तिथे आमची विहीर होती. तो बिचारा दचकून पायाखाली बघतो.

त्यांच्या बायकोला, मालूबाईंना, त्या विहिरीचं काडीचं कौतुक नाही. तिचं पाणी आयुष्यभर त्यांनीच शेंदलेलं. चाळीस वर्षं चिखलात वाकून लावणी केल्यावर त्यांना नव्या घरात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ऊन. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ते दिवसभर रखरखत असतं. सुक्या मासळीला ऊन दाखवायला अशी जागा अख्ख्या ठाण्यात नाही, असं मालूबाईंचं ठाम मत. भिंतीला टेकवलेले बांबू, मध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. शिमगा सरला की हे दुकान मांडायचं आणि पावसाळ्याची बेगमी करून टाकायची, हा त्यांचा शिरस्ता.

दिवाळीनंतर भिवाजी त्याच गॅलरीत चार टब आणि टोमॅटोची पन्नास रोपं घेऊन आले. मालूबाईंनी कमरेवर हात ठेवले. मग बोलाचाली झाली, जेवण अळणी झालं, आणि शेवटी करार ठरला. शिमग्याच्या आत भिवाजींच्या हातचा एक तरी टोमॅटो कालवणात पडला, तर गॅलरी कायमची त्यांची. नाही पडला, तर टब खाली आणि बोंबील वर.

भिवाजींनी टोमॅटो लावला, पण हात भाताचा. आधी टबातली माती पाणी घालून लोण्यासारखी मळली. मग चार-चार रोपांची जुडी करून अंगठ्याने चिखलात खोचली आणि वर बोटभर पाणी तुंबवलं. ते पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या निशाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरलं. निशा बँकेत नोकरी करते आणि तिच्या खिडकीत दहा-बारा कुंड्या आहेत. ती वर येऊन नम्रपणे म्हणाली की टोमॅटोला पाय कोरडे लागतात. भिवाजींनी तिला चहा पाजला आणि ही जात वेगळी आहे असं सांगितलं. वेगळ्या जातीतली निम्मी रोपं आठवड्यात कुजली. मग एका दुपारी घरात ड्रिल चालल्याचा आवाज आला आणि टबांना भोकं पडली. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही.

उरलेली रोपं मात्र फोफावली. पानाच्या प्रत्येक बगलेतून नवी फांदी, त्या फांदीला आणखी फांद्या. भिवाजी रोज सकाळी चष्मा लावून मोजायचे आणि आंबिवलीच्या मेव्हण्याला फोनवर आकडा कळवायचे. "विश्राम, एका रोपाला चौदा फुटवे रं. भाताला तरी येतात का येवढे?" भाताचं सगळं वैभव फुटव्यांत असतं, जितके फुटवे तितक्या लोंब्या. हा हिशेब त्यांच्या रक्तातच होता. मालूबाईंनी एकदा सुचवलं की झाडं जमिनीवर लोळतायत, काठी तरी द्या. त्यावर भिवाजी हसले. "भात कवा काठी टेकून उभा रायला का गो?"

जानेवारी अर्धा गेला. गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. टोमॅटो एक नाही, नुसता पाला. मालूबाईंना खरं तर वाट बघायची होती, पण मधेच चार फुलं दिसली आणि त्यांचा धीर सुटला. चार फुलं म्हणजे चार टोमॅटो, आणि करारात तर एकच पुरेसा होता.

भिवाजी दुपारी देवळात पत्ते कुटायला गेले. मालूबाईंनी पदर खोचला. नवऱ्याचा जीव कशात आहे ते त्यांना फोनवर ऐकून-ऐकून पाठ झालं होतं. कोलंबी सोलून तयार झालेली ती बोटं, चिमटीत धरलं की मुंडी वेगळी. तासाभरात एकूण एक फुटवा खुडून झाला. झाडं पार भुंडी दिसायला लागली, तशी त्या जरा चरकल्या. मग स्वयंपाकघरातून बघताना झाडं निदान उंच तरी दिसावीत म्हणून त्यांनी आपलेच बांबू टबात रोवले, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि एकेक झाड सैलसर बांधून उभं केलं. खुडलेला पाला झाडून कठड्याबाहेर लोटून दिला.

संध्याकाळी भिवाजी घरी आले, गॅलरीच्या दारात उभे राहिले आणि चष्मा लावून फुटवे शोधू लागले. तेवढ्यात बेल वाजली. दारात निशा, हातात मूठभर फुटवे.

"काकी, हे माझ्या कुंड्यांवर पडले," ती म्हणाली.

मालूबाईंनी देवाचं नाव घेतलं. निशा गॅलरीत डोकावली, झाडं बघितली, चिंध्यांच्या गाठी चाचपल्या आणि वळून म्हणाली, "कोणी केलं हे? बगलेतली फूट काढायची, एकच खोड ठेवायचं, आणि बांधायचं तेही सैल. काका, आता बघा टोमॅटो."

भिवाजींनी मालूबाईंकडे पाहिलं. मालूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "मीच केलं. कोणीतरी लक्ष घालाया नको?"

भिवाजींचा त्या दोघींवरही विश्वास बसला नाही. दोन दिवस ते सुतकात असल्यासारखे वावरले. पण आठ-दहा दिवसांत फुलांचे घोस आले, मग हिरव्या गोट्या, आणि शिमग्याच्या चार दिवस आधी पहिला टोमॅटो लालबुंद झाला. भिवाजींनी तो स्वतः तोडला, स्वतः धुतला, मासळीच्या कालवणात स्वतः सोडला आणि विजयी चेहऱ्याने पाटावर बसले.

मालूबाईंनी वाढता वाढता विचारलं, "कोणाच्या हातचा?"

"कोणाच्या म्हंजे? माझ्या. लावला कोणी?"

"लावला तुमी. तुमच्या हाताला आला नुसता पाला. खुडला कोणी, बांधला कोणी? निशाला बोलावू?"

बायकोने त्या दुपारी झाडांचं भलं करायला बोट लावलं नव्हतं, हे भिवाजींना पक्कं ठाऊक होतं. पण ते सिद्ध करायचं, तर आपण फुटवे मोजत बसलो ते चुकलं, हे आधी कबूल करावं लागत होतं. तेही निशासमोर. त्यांनी बराच विचार केला आणि कालवण ओरपलं.

शिमगा झाल्यावर गॅलरीत दोऱ्या ताणल्या गेल्या. बांबू टबातून उपटायचे तर झाडं मोडणार, म्हणून मालूबाईंनी मोठ्या मनाने झाडं राहू दिली आणि दोऱ्या त्याच बांबूंना बांधल्या. भिवाजी आता रोज बोंबलांखालून वाकून पाणी घालायला जातात. जाण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारतात, आज खुडायचं आहे का काही. मालूबाई बोंबील उलटत असतात. त्या वळूनही न बघता सांगतात, मला सवड झाली की मी बघेन, तुमी हात लावू नका.