कल्पेश सर उसात थिजले तेव्हा

मंचरच्या पोपटलालशेठचा मुलगा कल्पेश कापडाचं दुकान सोडून निरगुडसरकडच्या एका शाळेत मास्तर झाला. सातवीला ते शनिवारी भावनांचा तास घेत. राग आला की दहापर्यंत मोजा, कुणी रडलं की शेजारी जाऊन बसा, असं सांगत. फळ्यावर चेहरेही काढत. त्यांचा हसरा चेहरा आणि घाबरलेला चेहरा हुबेहूब सारखे दिसत. मुलं मोठ्या मनानं समजून घेत.

त्या दिवशी कबड्डीचा सराव लांबला. सकाळीच वाटेवर बिबट्याचे ठसे दिसले होते, म्हणून सर स्वतः रत्ना, सुनील आणि आणखी दोघांना उसामधल्या पायवाटेनं वस्तीवर सोडायला निघाले. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली होती. इकडं उसातून जाताना सगळेच आवाज करत जातात. निम्म्या वाटेत मोबाइल बंद पडला.

तेवढ्यात उजवीकडचा ऊस सळसळला. वारा नव्हता.

सरांची चप्पल चिखलात रुतली. ती काढायला ते वाकले.

"सर, वाकू नका!" रत्ना किंचाळली. "वाकल्यालं माणूस त्याला शेळीवानी दिसतं!"

सर ताठ झाले ते ताठच राहिले. पाय उचलेना. ऊस पुन्हा हलला, या खेपेला जवळ. सर पुटपुटत मोजू लागले, पण चारच्या पुढं आकडाच येईना.

"सर, चला ना," सुनीलचा आवाज रडवेला झाला.

रत्नानं सरांचा गार पडलेला हात धरला. "भ्या वाटतंय ना, सर? मला बी लई वाटतंय. सुनील, दुसरा हात धर. सगळ्यांनी वरडून पाढा म्हणा, एकोणीसचा!"

"मला येत न्हाई," सुनील म्हणाला.

"मग चुकीचा म्हण. बिबट्याला तरी कुठं येतोय!"

चार गळ्यांनी चार वेगवेगळे एकोणीस ओरडत, एका पायात चप्पल असलेल्या सरांना ओढत, मुलं एकदाची उसाबाहेर आली. मागं काहीतरी धपकन कोसळलं. कुणीच वळून पाहिलं नाही.

रत्नाच्या अंगणात पोचल्यावर सुनीलनं विचारलं, "सर, आता तुमी माघारी कसं जाणार?"

सरांनी उसाकडं पाहिलं.

"मी नाही जाणार. मला फार भीती वाटते."

रत्नाची आई कोंडाबाई पदर तोंडाला लावून वळली.

"आई, हसू नको," रत्ना हळूच म्हणाली. "दिवस मावळायच्या आत जेवत्यात ते. भाकरी टाक लवकर. आन लसूण नको घालू कशात."