आय-जी-एच-टी आणि सासूबाईंची खुर्ची

मी पटकन चिडते, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन भाईंदरला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी हॉलमध्ये पहिली-दुसरीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घ्यायचे आणि सासूबाई रोज बरोब्बर त्याच वेळी कोथिंबीर निवडायला येऊन बसायच्या. स्वयंपाकघर रिकामं असायचं, पण नाही. मुलांच्या मागे, भिंतीला टेकून, परात मांडीवर. एक जुडी तासभर पुरायची.

ही पाळत आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. नवऱ्याला म्हटलं, "तुझी आई माझ्यावर लक्ष ठेवतेय." तो म्हणाला, "कोथिंबीर निवडतेय ती." या नवऱ्यांना कधी काही दिसत नाही.

त्या आठवड्यात मुलांना एकाच शेपटीचे शब्द शिकवत होते. फळ्यावर आय-जी-एच-टी तसंच ठेवायचं आणि सुरुवातीचं अक्षर पुसून बदलायचं. लाईट, नाईट, राईट, फाईट. एका मुलीला टाईटचा अर्थ विचारला तर ती पंख्याकडे बघत बसली.

"झाकण बसतं ना घट्ट, ते," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. सासूबाई कोथिंबिरीत मान घालून बसल्या होत्या.

मुलं गेल्यावर मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "आई, मी शिकवत असताना मध्ये नका ना बोलू."

"नाय बोलणार," त्या म्हणाल्या. मग देठं गोळा करत खालच्या आवाजात, "मला पण शिकायचंय गो."

सासूबाई हाटकेशला एका गाळ्यात स्टीलचे डबे पॅक करायच्या. अकरा वर्षं, दिवसभर उभ्याने. गुडघे कामातून गेलेले. तिथली चेकर बाई नोकरी सोडून गावाला जाणार होती. खोक्यांवरची इंग्रजी लेबलं वाचून खूण करायची, एवढंच तिचं काम. ज्यांना ती जागा हवी त्यांच्याकडून मॅनेजर शनिवारी लेबलं वाचून घेणार होता.

"तिला खुर्ची आहे गो," त्या म्हणाल्या.

मला माझी इतकी लाज वाटली की मी उठून चहाच टाकला.

शिकवणं मात्र सोपं गेलं नाही. त्यांना एबीसीडी यायची, तेवढीच. मी क्रमाने जाऊ म्हणत होते. त्यांनी माझी शब्दांची सगळी कार्डं जमिनीवर ओतली आणि गाळ्यात मापाप्रमाणे झाकणं लावतात तशी शेपट्यांप्रमाणे लावली. मी वैतागले. "आई, शब्द म्हणजे झाकणं नाहीत. आधी अर्थ समजून घ्या."

"अर्थ तू मला शिकवू नकोस. लाईट गेली, कोण म्हणतं? शेजाऱ्याची नाईट आहे, कोण म्हणतं? रिक्षावाल्याला राईट मारो कोण सांगतं?"

खरंच होतं. फोनवर वर्षानुवर्षं बोलत आलेल्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा बघावा, तसं त्या एकेक कार्ड उचलून बघत होत्या. वजनाच्या 'वेट'पाशी मात्र अडल्या. शेपटी तीच, आवाज भलताच.

"हा असा का फटकून वागतो?"

"इंग्रजीत असतं असं," मी म्हटलं.

"घरात पण असतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणून काय बाहेर काढतात?"

मी 'वेट'चं कार्ड उचलून परत त्याच रांगेत ठेवलं. त्यानंतर केबिन रोडला त्यांच्याबरोबर भाजी आणायची म्हणजे शिक्षाच. प्रत्येक पाटीखाली थांबायच्या. एका पाटीवर 'ब्राईट' सापडलं तेव्हा भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि मागून स्कूटरवाले "आंटी, साईड" म्हणून ओरडत राहिले.

शनिवारी त्या चष्मा घरीच विसरून गेल्या. मी रिक्षा करून हाटकेशला पोचले तेव्हा मॅनेजर त्यांचीच वाट बघत उभा होता. चष्मा लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली. एअर टाईट. लाईट वेट. वेट त्यांनी अगदी ठासून म्हटलं.

शेवटच्या लेबलावर, शेपटी तीच असूनही, त्या अडखळल्या. मॅनेजरने वाचून दाखवलं, "फ्रेट. मतलब क्या?"

"नहीं मालूम," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार को बताऊँगी."

तो हसला. "ठीक है आंटी, सोमवार से इधर बैठो."

सोमवारपर्यंत कोण थांबतंय? त्या तिथल्या तिथे जाऊन बसल्या. बिनहाताची साधी लोखंडी खुर्ची. चपला काढल्या, दोन्ही पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. मला रडू आलं, काय लपवायचं. मग एक डोळा उघडून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"लवकर सांग. फ्रेट म्हणजे काय?"

मी टीचर. इतके दिवस त्यांच्यासमोर रुबाब केलेली. सगळा गाळा बघत होता.

"मला पण नाही माहीत, आई."

त्या जरा सरकल्या आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या खुर्चीवर हाताने थोपटत म्हणाल्या, "बस. सोमवार लांब आहे."