आडवी फांदी

देवाची वाट आपल्याला पाठ आहे, अशा तोऱ्यात मी एकदा जंगलात वाट चुकले. तीही वाटेवरची खूण स्वतःच्या हातानं उचलून फेकून! आता नातवंडांना हे सांगताना आधी मीच हसते. त्या दुपारी मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची. भद्रावतीच्या चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवायचे आणि बायबल कोळून प्यायले आहे असा माझा पक्का समज होता. मोहफुलांच्या दिवसांत सहा वर्षांच्या रूथला घेऊन गडचिरोलीकडे जंगलातल्या एका गावी नणंदेकडे गेले. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. दुपारपर्यंत अंग तव्यासारखं झालं, ती बरळायला लागली. दवाखाना डांबरी रस्त्यावर, जंगलातून तासाभराच्या वाटेवर. नणंद म्हणाली, "वयनी, थांबा ना. हे येतेच सायकल घेऊन. तुमाले वाट नाई माहीत." मी म्हणाले, "वाट दाखवायला माझा प्रभू आहे." आणि रूथला खांद्यावर टाकून निघालेसुद्धा.

पुढे वाटेला दोन फाटे फुटले. एक बैलगाडीचा, रुंद. दुसरा अरुंद, आणि त्यावर पळसाची हिरवी फांदी आडवी टाकलेली. आता रुंद वाट नाशाकडे नेते आणि अरुंद वाट जीवनाकडे, हे मुलांकडून घोकून घेणारी बाई कुठे जाणार? शिवाय ती फांदी मला कुणीतरी केलेला उतारा वाटली. म्हटलं, ख्रिस्ती बाई असल्या गोष्टीला भिते की काय! येशूचं नाव मोठ्यानं घेतलं आणि फांदी झुडपात भिरकावली. काय तो रुबाब! बघायला तिथे एक माकडसुद्धा नव्हतं.

अर्ध्या तासात वाट बांबूच्या बेटात विरून गेली. मागे वळले तर आलेली वाटही ओळखू येईना. जवळचं पाणी संपलं. रूथ बरळायचीही थांबली. माझ्या प्रार्थना एरवी एवढ्या लांब, की चर्चमधल्या बायका पदराआड जांभया देत. त्या दिवशी खाली बसले आणि एवढंच निघालं, "बापा, मले काईच समजत नाई. पोरीले वाचव." देवानं काय करावं हे मी त्याला सांगितलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

"ओ बाई! पुढं जाऊ नोको, अस्वल हाये!"

डोक्यावर मोहफुलांची टोपली घेतलेली एक बाई झाडांतून येत होती. सोमीबाई तिचं नाव, नणंदेच्याच गावची. सकाळी तिला या बाजूच्या मोहाखाली पिल्लंवाली अस्वलीण दिसली होती. पुढे गेलेल्यानं धोक्याच्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायची आणि मागून येणाऱ्यानं ती पाहून वळायचं, ही तिथली रीत. परतताना तिला आपण टाकलेली फांदी झुडपात दिसली आणि धुळीत आत गेलेले चपलांचे ठसे. टोपली तिथेच ठेवून तिनं रूथला पाठीवर घेतलं आणि चालायला लागली. जगाला देवाकडे नेणारी मी तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत निमूट मागे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर..." आणि सुई टोचायला वळले. संध्याकाळी रूथनं डोळे उघडून पाणी मागितलं.

मी त्याला चमत्कार म्हणावं की नाही, यावर वाद घालत नाही. एवढंच कळतं, की मी घमेंडीत फेकलेली फांदी पाहूनच ती माझ्या मागे आली. देवाची वाट शोधून काढायची असते असं मला वाटायचं. आता वाटतं, तो ज्याला पुढे धाडतो त्याच्या मागे तोंड मिटून चालता आलं तरी पुष्कळ. सोमीबाईचे देव वेगळे, ती आमच्या चर्चमध्ये कधी आली नाही. माझ्या प्रार्थनेत मात्र ती रोज येते.

आठ दिवसांनी रूथला घेऊन तिचे आभार मानायला गेले. ती अंगणात मोहफुलं वाळवत होती. माझी खोड तरी कुठे गेली होती! बसल्या बसल्या उपदेश सुरू केला, "सोमीबाई, माझ्या प्रभूनंच तुला पाठवलं." तिनं फुलं हातानं वरखाली केली आणि हसत म्हणाली,

"पाठवलं असन बाई, मी कुठी नाई म्हनतो? पन मंग थे फांदीबी त्यानंच ठेवली असन ना, तुनं काऊन फेकली?"