धाकू रं दादा

मावशींना हाक मारली तर त्या ओ देत नसत. हातातली पळी टोपात ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या, चालत अगदी तुमच्या जवळ यायच्या आणि कोपराला दोन बोटं लावून विचारायच्या, "काय?" तोवर हाक मारणारा ओरडून दमलेला असायचा.

डोळखांबच्या पुढे, जिथून एसटी वळून माघारी फिरते, तिथल्या शाळेत मी मराठी शिकवते. मावशी तिथे पोरांची खिचडी शिजवत. खिचडी शिजवणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांचा आवाज भांड्यांच्या वर असतो. आमच्या मावशींचा पायरवसुद्धा नसे. शाळेत नव्याने आलेल्या एका सरांच्या कोपराला त्यांनी मागून बोटं लावली, तर सर खडू टाकून बाकावर जाऊन पडले. पोरं आठवडाभर हसत होती.

आमचे मुख्याध्यापक फार वैतागायचे.

"अहो मावशी, ओ तरी द्या. ऐकू गेलं की नाही, हे माणसाला कळू द्या."

"आयकू येतंय ना सर. तुमची हाक कसाऱ्यापातुर जाते. पन ओ द्यायाची नाय. आले ना मी? मंग झालं."

वर्गात हजेरी चालली की कधीकधी त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. पोरं एकामागून एक 'हजर' म्हणत, आणि मावशी मान हलवत. मला एकदा म्हणाल्या, "ह्ये बरं हाय बाई. हजर चालतं. ओ नाय चालत." मला वाटलं, माणसाचं एकेक वेड असतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर रोजाने जायचे, आई आजही अंगठा उठवते. शहापूरच्या कॉलेजातून मी मराठी घेऊन बी.ए. झाले, मग बी.एड. केलं, नोकरीला लागले. हे मी मिरवते. कष्टाने मिळालंय, का नाही मिरवायचं? सांगायचं कारण एवढंच, की पुढचं वाचून मला भोळी समजू नका. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते.

आमच्याकडे गौरीच्या सणात एक गाणं म्हणतात. शहापुरात म्हणतात, मुरबाडात म्हणतात, मोबाइलवर तर आता कुठेही ऐकू येतं. मुरबाडकडच्या एका पोराने ते बँजो आणि ढोल लावून बसवलं, तेव्हापासून ते गाणं लागल्याशिवाय एकही मिरवणूक हलत नाही. चाल अशी की म्हातारीचाही पाय उचलावा.

गवर आली दाराशी, धाकू रं दादा
नदी आली उताराशी, धाकू रं दादा
चुलीत इस्तू ठेवलाय, धाकू रं दादा
कोरडी घोंगडी काढलीय, धाकू रं दादा

दर ओळीला म्हणणारी 'धाकू रं दादा' अशी हाक टाकते आणि सगळा जमाव एका तालात म्हणतो, "ओ!" गंमत सगळी त्या 'ओ'मध्ये आहे. त्यासाठीच लोक नाचतात. धाकू कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लग्नातल्या गाण्यात जसा कुणीतरी नवरदेव असतो, तसा गौरीच्या गाण्यात कुणीतरी धाकू.

त्या वर्षी गणपतीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता. सातवीच्या मुलींनी ह्याच गाण्यावर फेर बसवला. मुख्याध्यापकांनी माइक हातात घेऊन भाषण केलं. बहीण भावाला सणाला बोलावते, त्याच्यासाठी चूल पेटती ठेवते, घोंगडी काढते, पाहा आपल्या भागातलं आदरातिथ्य किती मोठं. टाळ्या झाल्या. मुलींनी फेर धरला. पहिली हाक पडली आणि शाळेतली सगळी पोरं, अगदी पहिलीतलीसुद्धा, ओरडली, "ओ!" पत्रे हादरले.

दुसऱ्या ओळीला स्पीकर बंद पडला.

वळून पाहिलं तर भिंतीशी मावशी. वायर त्यांच्या हातात होती.

"मावशी! हे काय चाललंय?" मुख्याध्यापक ओरडले.

"खिचडी थंड व्हतेय," मावशी म्हणाल्या आणि वायर तशीच खाली ठेवून निघून गेल्या.

मी मागोमाग स्वयंपाकाच्या खोलीत गेले. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. त्या जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही तळहात कानांवर दाबलेले. बाहेर कुणीतरी वायर परत लावली आणि गाणं सुरू झालं. प्रत्येक 'ओ'ला मावशींचे खांदे उचलत होते.

मी त्यांच्या कोपराला बोटं लावली. त्यांनी वर पाहिलं.

"बाई, इतकी पोरं. एका धाकूच्या जागी इतकी पोरं ओ देतात."

"धाकू कोण, मावशी?"

"भाऊ माजा. थोरला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते.

लग्न होऊन मावशी ह्या गावात आल्या तेव्हा पोरगेल्याच होत्या. माहेर नदीपलीकडे, डोंगराच्या कुशीत. पहिल्या गौरीला मुलीला न्यायला भाऊ येतो, ही रीत. मावशी सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. नदीला पाणी होतं. धाकू उतारावरून, नदी पायी ओलांडायच्या जागेवरून, निघाला, लोकांनी त्याला मध्यापर्यंत पाहिलं, पुढे पाहिलं नाही. मावशींना कळलं ते दिवस मावळताना. सासूने जाऊ दिलं नाही. नवी सून, त्यात दारी गवर.

"आमच्याकडं पान्यात गेलेला मानूस घावला नाय, तर त्याला हाक मारायची रीत होती," मावशी म्हणाल्या. "बायांनी काठावर जायाचं. एकीनं नाव घिऊन बोलवायचं. पानी उतरलं रं, ये. इस्तू ठेवलाय, शेक. घोंगडी हाय, पांघर. बाकीच्यांनी तोंडात पान्याची चूळ धरून हुबं ऱ्हायाचं."

"चूळ कशाला?"

"चुकून कुनी ओ देऊ नये म्हनून. तो पान्यातनं आयकत असतोय ना. त्याच्या जागी दुसऱ्यानं ओ दिली, तर त्याला वाटतं आपुन पोचलो घरी. मंग तो ना हिकडचा, ना तिकडचा. हाका झाल्या का शेवटाला धाडायचं गानं म्हनायचं. जा म्हनायचं. मंग तो जातो."

पलीकडे माहेरच्या बाया काठावर उभ्या राहून हाका मारत होत्या. अलीकडे मावशी सासरी, गौरीपुढे. नव्या सुनेला मोठ्याने रडायची सोय नव्हती. मोठ्याने गायची मात्र होती. फेर धरला, कुणीतरी म्हणालं, "नवी सून म्हनू दे गो, माहेरचं कायतरी म्हन." मावशींनी डोळे मिटून धाकूला हाक मारली.

"मला वाटलं, हितनं तरी आयकंल. आन बाई, ह्या गावच्या बाया लई मायाळू. कुनी हाक मारली आन कुनी बोललंच नाय, हे त्यांना बरं दिसंना. पोर माहेरची आठवन काढतेय, तिचा भाऊ आला नाय, आपुन देऊया ओ. सगळ्यांनी मिळून दिली. हसत दिली. माज्या पाठीवरनं हात फिरवून दिली."

बाहेर शेवटचा 'ओ' झाला, टाळ्या पडल्या.

चाल सगळ्यांना आवडली. पुढच्या वर्षी मावशींनी तोंड उघडलं नाही, पण बायांनी गाणं उचललेलं होतं. मग ह्या गावच्या लेकी दुसऱ्या गावी सुना म्हणून गेल्या आणि धाकूला सोबत घेऊन गेल्या. मावशींनी एक-दोघींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "सनासुदीला असलं नगं बोलू गो."

मी शिकवते त्या पुस्तकात लोकगीतांची माहिती आहे. पेरणीची, जात्यावरची, सणाची. सणाचं गाणं सणातूनच उगवतं, असं आपण धरून चालतो. मी तिथे खिचडीच्या वाफेत उभी होते आणि हे सणाचं गाणं बुडालेल्या माणसाला मारलेल्या हाकेतून आलेलं होतं.

"मावशी, धाडायचं गाणं येतं का तुम्हाला?"

"येतं."

"दुसऱ्या कुणाला?"

"कुनालाच नाय. माहेरच्या बाया गेल्या. मागनं धरन झालं, गावबी पान्यात गेलं. भाऊ आधी गेला, गाव त्याच्या मागनं."

"मग म्हणून टाका ना मावशी. इथेच म्हणा. सुटेल तो. तुम्हीही सुटाल."

मावशी उठल्या. टोपावरचं झाकण काढलं, खिचडी खालून वर केली. मला वाटलं, आता म्हणतील. ओठ हललेही.

"लई येळा तोंडात आलं बाई. तो दमला असंल, मला कळतंय. दरसाली गावोगाव बोलवतात त्याला, किती फिरंल? पन मी धाडला, तर मला न्याया कोन येनार?"

ह्यावर बी.ए.ला काही शिकवलेलं नव्हतं.

गौरी यायच्या दिवशी दुपारी मी स्कूटीवरून माझ्या आईकडे निघाले होते. वाटेत मावशींचं घर. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. नवं हिरवं लुगडं, डोक्याला तेल, मांडीवर कापडी पिशवी. मी गाडी थांबवली.

"कुठे निघाली स्वारी?"

"माहेरी."

सुनेने आतून हसून सांगितलं, "सकाळपासून तसंच चाललंय बाई. म्हटलं बसू द्या, सनाचा दिस हाय."

"कोण येतंय न्यायला?" मी विचारलं. थट्टा करायचा विचार होता, पण आवाज थट्टेचा निघाला नाही. मावशी लाजल्या. खरंच लाजल्या, नव्या लग्नाच्या मुली लाजतात तशा.

खालच्या आळीत मंडळाने तेच गाणं लावलं होतं. तेरड्याची गवर घेऊन बाया येत होत्या आणि पोरं पुढे नाचत होती. ओट्यावरून झाडांच्या फटीतून हात वर झालेले दिसत होते. दीडदोनशे माणूस सहज असेल.

मावशींनी माझ्या कोपराला बोटं लावली. "आयका."

हाक पडली. धाकू रं दादा. उत्तर आलं.

"आयकलंत? आज आवाज येकच हाय."

मी पुढच्या हाकेला नीट कान दिला. वारा उलटा असेल, मधे झाडं होती, स्पीकर फाटलेला असेल. मला हे सगळं सुचलं आणि मी ते स्वतःला सांगितलंही. पण समोर एवढी तोंडं उघडताना दिसत होती आणि ऐकू आला तो एका माणसाचा आवाज. तरणा. जरा दम लागलेला. आणि आळीतून नाही, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने, धरणाकडून.

"सावकाश जावा बाई," मावशी म्हणाल्या. मी गाडी चालू केली. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी फोन आला, मावशी घरात नाहीत.

मुलगा कंपनीतून तसाच आला. चौकीत कळवलं, पाहुण्यांकडे विचारलं. धरणाच्या रस्त्यावर म्हशी चारणारा एकजण म्हणाला, दुपारी पाहिल्या. पुढे कुणी तरणा माणूस होता, अनोळखी. मावशी त्याच्या मागून चालल्या होत्या, भराभर, आणि सारख्या बोलत होत्या. त्याला नवल वाटलं ते त्या माणसाचं नाही. मावशी इतकं बोलतात, हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण. सकाळीच बाया पाण्यावर गेल्या, मीही गेले. धरण काठोकाठ भरलेलं, पाणी हलत नव्हतं. पाड्यातल्या एका जख्ख म्हातारीला हाक मारायची जुनी रीत ऐकून माहीत होती. तिच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी ओंजळीने पाणी घेऊन तोंडात धरलं. तिने पदर कमरेला खोचला, पुढे झाली, आणि मावशींच्या मुलाकडे वळली.

"आयशीचं नाव काय रं?"

त्याने सांगितलं.

"ते सासरचं, लग्नात ठेवलेलं. माहेरचं काय? माहेरी गेलेली बाय सासरच्या नावाला वळंल का?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. रोज शाळेत शेजारी उभी राहणारी मी, मलाही ते नाव माहीत नव्हतं. ते नाव घेऊन मावशींना बोलावणारी सगळी माणसं त्या पाण्याखालच्या गावातली होती. म्हातारी तोंड उघडून तशीच उभी राहिली. पाण्यावरून एक बगळा गेला.

गाल दुखायला लागले तसं एकेकीने पाणी टाकलं. मग गौरीच्या नैवेद्याला उशीर होतो म्हणून सगळ्या घराकडे वळल्या.