ओल्या वाळूवरची चूल

माझे वडील आचारी होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आणि गावही नानाच म्हणायचं. लग्नसराईत भडगाव तालुक्यात त्यांच्या हातचं वरण आणि बुंदी न खाल्लेला माणूस सापडणं अवघड होतं. पण सराई संपली की आमच्या घरी भाजीला तेल नसायचं. आज हे लिहायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाना उरलेली बुंदी फडक्यात बांधून आणत. ती आम्ही भाकरीबरोबर खायचो, कारण दुसरं काही नसायचं. आषाढ लागला की बुंदीही बंद. माय लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि नाना ओट्यावर बसून झारे घासत राहायचे. जे झारे महिनोन् महिने कुणी वापरणार नव्हतं, ते एवढे कशाला घासायचे, मला कळायचं नाही.

मग जळगावच्या एका शेठने सहलीच्या गाड्या सुरू केल्या. दिवाळी ते संक्रांत, एकामागून एक. नाशिक, अष्टविनायकातले दोन गणपती आणि शेवटी अलिबाग. आमच्याकडच्या लोकांना देव बघायचा असतो, समुद्रही बघायचा असतो, पण जेवायला आपलंच लागतं. कोकणातली नारळ घातलेली भाजी त्यांना औषधासारखी वाटायची. म्हणून गाडीच्या टपावर पिठाचे डबे, पातेली, कढया आणि गाडीत आचारी. नानांना हे काम मिळालं. माय पुऱ्या लाटायला बरोबर जायची. दोन हिवाळे आमच्या घरी तेल होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी बारावीला होते. चोपड्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. केळीचा मळा, पक्कं घर. माझे मोठे काका, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हट्टाला पेटले होते. नानांनी त्यांना सांगितलं, या वर्षीच्या गाड्या नीट पार पडल्या तर पोर धुळ्याला कॉलेजात जाईल, नाही पडल्या तर तू म्हणशील तसं. आबा म्हणाले, ठीक आहे. म्हणजे माझं कॉलेज त्या गाड्यांना बांधलं गेलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत मीही पीठ मळायला गाडीत बसले.

अलिबागला पोचलो तेव्हा समुद्र लांब गेलेला होता. मी तो पहिल्यांदा पाहिला आणि खरं सांगायचं तर निराशा झाली. चिखलाचं मोठं शेत वाटलं, त्यात किल्ला उभा. गाडीतल्या बायकांनी तापीची भरतात तशी समुद्राची ओटी भरली. एका आजींनी तीर्थ म्हणून बाटलीत पाणी भरून घेतलं. पुरुषांनी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, पोरांनी शिंपल्यांसाठी रडारड केली, नुकतं लग्न झालेल्या एका जोडप्याने घोडागाडीत बसून फोटो काढून घेतला. मग गाडीचा मॅनेजर सगळ्यांना घेऊन किल्ल्याकडे चालत निघाला. परत आल्यावर भरीत-पुरी. शेठने या वर्षी जाहिरातच तशी केली होती: समुद्रकिनारी खान्देशी भरीत पार्टी. आधीची दोन वर्षं नाना आणि माय गावातल्या धर्मशाळेतच रांधायचे, किनाऱ्यावर कधी आलेच नव्हते.

भरीत पार्टी म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. हिवाळ्यात आमच्याकडे हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, लाकडी काठवटीत कुटतात आणि शेतात नाहीतर नदीत बसून खातात. नदीत म्हणजे खरोखर नदीत. गिरणेचं पात्र तेव्हा कोरडं असतं. आम्ही वाळूतच चूल मांडतो, झिरा म्हणजे वाळूत खड्डा खणून पाणी काढतो, आणि दिवसभर कुणाला काही होत नाही. धरणातून पाणी सोडायचं असेल तर आधी दवंडी येते.

वरच्या कोरड्या वाळूत मोठी कढई बसेना. दगड खचायचे आणि वाऱ्याने वाळू पिठात यायची. नाना खाली गेले, पायाने दाबून पाहिलं. ओली, घट्ट, सपाट वाळू. गिरणेत ते नेमकी अशीच जागा निवडायचे. डबे, पातेली, वांग्यांची पोती सगळं तिथे उतरवलं. सवयीने झिराही खणला. पाणी लागलं, नानांनी चाखलं आणि थुंकलं. माय हसली.

मासळीची पाटी घेऊन एक बाई जात होती. ती थांबून म्हणाली, "बाबा, इथं नको मांडू. पानी येल."

नानांनी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. बाईला त्यांनी आदराने मान डोलवली आणि ती पुढे गेल्यावर मायला म्हणाले, "आभाळ कोरडं शे, आन् हाई म्हणे पानी यी."

भरती-ओहोटी हा शब्द मला पाठ होता. चंद्र, पृथ्वी आणि बाणांची आकृती मी परीक्षेत काढली होती. पण ते पुस्तकातलं पाणी होतं. घरातल्या कुणीही न पाहिलेल्या गोष्टी आम्ही तशाच शिकायचो, मार्कांपुरत्या.

वांगी भाजून झाली, मी सोलली, मायने कुटली. पुऱ्यांचं तेल तापलं. पाण्याची पहिली जीभ चुलीपर्यंत आली आणि मागे गेली. नाना हसले, पिठाचा डबा थोडा वर सरकवला. दुसऱ्यांदा चूल फसकन विझली. मग मात्र पाणी थांबेना. नाना आणि मायने तापल्या तेलाची कढई फडक्याने दोन्हीकडून उचलली. तेल हिंदकळून नानांच्या डाव्या हातावर आलं. त्यांनी ती सोडली नाही, वर नेऊन ठेवली. एवढं एकच भांडं वाचलं. मी वळून पाहिलं तर लाटलेल्या पुऱ्या पाण्यावर तरंगत होत्या, काठवट उलटी होऊन चालली होती आणि शेठची पातेली एकमेकांवर आपटत दूर जात होती. तिकडून किल्ल्यावरची माणसं गुडघाभर पाण्यातून ओरडत येत होती, पोरं खांद्यावर. सगळे सुखरूप आले. घाबरलेली आणि भुकेली माणसं कुणावर तरी राग काढणार, आणि समोर नाना उभे होते.

एक पाहुणा म्हणाला, "नाना, आमच्या आधी समुद्रालाच पंगत वाढली का?" सगळे हसले. ते हसणं गाडीत जळगावपर्यंत चाललं. व्हिडिओवर सिनेमा लावला तरी कुणी ना कुणी मागे वळून नानांकडे बघायचं. हाताला फोड आले होते. माय वारा घालत होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

जळगावच्या स्टँडवर शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढच्या गाडीला दुसरा आचारी पाहिलाय, एवढंच म्हणाला.

गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. उन्हाळ्यात लग्नाचं ठरवायला आलेले लोक विचारायचे, नाना, मांडवात पाणी तर येणार नाही ना? मस्करीच होती. पण नाना एकेकाला नाही म्हणू लागले. पुढे ते दुसऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला बसू लागले, नंतर तेही सोडलं. घरात मीठ चाखायलासुद्धा चुलीजवळ येत नसत. मला वाटायचं, हात बरा होईल तसं हेही बरं होईल. हात बरा झाला. ते झाले नाहीत. त्या घरात राहून मला कळलं की माणूस जिवंत असून उठून जातो, आणि आपण त्याच्यासमोर ताट ठेवत राहतो.

आबा वायदा मागायला आले. चोपड्याचे लोक थांबले होते. नाना मान खाली घालून म्हणाले, तू म्हणशील तसं. मी दाराआड उभी होते, रडूही येईना. माय पाट्यावर मिरची वाटत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "भांडा वाही गयात, आबा. मनी पोर काही वाही नही गयी. ती कालेजले जाई."

आबांनी नानांकडे पाहिलं. नानांची मान खालीच होती. आबा चहा न घेता गेले आणि नंतर दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत.

माय पाचोऱ्याच्या जिनिंगात कापूस निवडायला जाऊ लागली. रोज एस.टी.ने, खोकत. मी धुळ्याला वसतिगृहात राहिले आणि तिथल्याच मेसमध्ये पहाटे पोळ्या लाटल्या. दुसऱ्या वर्षाला आजारपणात एक परीक्षा बुडाली, ती पुन्हा दिली. मैत्रिणी कॉलेजच्या सहलीला गेल्या, मी कधी गेले नाही. नाना मला भेटायला एकदाही धुळ्याला आले नाहीत. निकाल लागायच्या आधीच्या पौषात ते गेले. माय तेव्हा जिनिंगात होती, मी धुळ्यात; घरी कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात निकाल लागला. मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या भावकीत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.