गोठ्यातला सोमवार

विलायतेस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीवर जो तो पऱ्हाटी पेरू लागला, त्या वर्षांतील ही हकीकत आहे. माळ्यांनी वांग्यामिरच्यांचे वाफे मोडून तेथे सरकी टोकली, गाडीवानांनी सण मोडले, आणि वेचणीच्या दिवसांत माझ्या शाळेच्या हजेरीपटावर चाळीस नावांपुढे एकतीस फुल्या पडू लागल्या. व्यवस्था म्हणून जी एक गोष्ट मनुष्याच्या आयुष्यात असावी, ती त्या काळात अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोठेही शिल्लक नव्हती. निदान मला ती कोठे आढळली नाही.

चांदूर बाजारास जाणाऱ्या वाटेवर, अमरावतीपासून दीड कोसावरच्या एका गावी मला सरकारी शाळेवर नेमले होते. शाळेस स्वतःची इमारत नव्हती. पार्बताबाई नावाच्या एका माळी विधवेने आपल्या घराची पुढची ओसरी शाळेस वापरू दिली होती. ओसरीच्या भिंतीपलीकडे तिचा गोठा होता, आणि भिंतीत एक झरोका होता. घरात पार्बताबाई, गाडी हाकणारा तिचा मुलगा खुशालराव, सून मनकर्णा आणि मनकर्णेची दोन लेकरे, एवढी माणसे. हकीकत मनकर्णेची आहे.

मनकर्णा तेव्हा पंचविशीची असावी. अंगाने सडपातळ, चालीने चपळ, आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी. तिची दिनचर्या मी रोज पाहत असे. दिशा उजळण्यापूर्वी ती गोठ्यातले शेण भरी, विहिरीचे पाणी आणी, ज्वारी दळी, भाकऱ्या थापी, उरलेल्या दोन वाफ्यांना पाणी देई, लेकरांना सासूच्या स्वाधीन करी आणि अमरावतीची वाट धरी. तेथे एका सावकाराच्या वाड्यात कापूस रेचण्याचे काम चाले. रेचा म्हणजे दोन लाटांचे लाकडी यंत्र. एका बाईने दांडा फिरवायचा, दुसरीने लाटांमध्ये कापूस सारायचा. रुई पलीकडे पडे, सरकी अलीकडे. दांडा जयवंता नावाची शेजारगावची बाई फिरवी आणि कापूस मनकर्णा सारी. दिवस मावळेपर्यंत हे चाले. मग डोक्यावर बैलांसाठी सरकीची पाटी घेऊन ती दीड कोस परत येई आणि चूल पेटवी. मी एकदा हे सर्व कागदावर घटकांच्या हिशोबाने मांडून पाहिले. दिवस संपला, कामे उरली. माझ्याच मांडणीत चूक असावी म्हणून पुन्हा मांडले. तेव्हा मागच्या खेपेस राहून गेलेले लुगडी धुणे सापडले.

आता त्या घरच्या सोमवाराविषयी सांगितले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरी महादेवाचा वार म्हणून सोमवारी बैल जुंपत नाहीत. पार्बताबाईच्या घरी ही चाल फार कडक होती. तिच्या नवऱ्याने एका सोमवारी बैल जुंपले आणि त्यांतला एक वाटेतच कोसळला. तेव्हा नवऱ्याने नवस केला, आणि तो गेल्यावर पार्बताबाईने त्या नवसास स्वतःची कलमे जोडली. सोमवारी बैलांच्या खांद्यावर जू नाही, हे तर झालेच. शिवाय त्या दिवशी गोठ्यात कोणी दाव्याला हात लावायचा नाही, काम सांगायचे नाही आणि आवाज चढवायचा नाही. वैरण-पाणी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. मी रुजू झालो त्या पहिल्याच सोमवारी मुले पाढे म्हणत असता ती ओसरीवर आली आणि बैलांना त्रास होतो असे तिने मला सुनावले. पाढ्यांचा वार मी मंगळवार केला आणि सोमवारी कित्ता ठेवला. सरकारी वेळापत्रकात बैलांच्या सोयीने बदल करणारा वऱ्हाडातला पहिला शिक्षक मीच असेन.

कापसाची मागणी वाढत गेली तसा खुशालरावास हा सोमवार बोचू लागला. चांदूर बाजारचा कापूस अमरावतीस आणायचा, अमरावतीचे गठ्ठे अकोल्याच्या वाटेने मूर्तिजापुराकडे पोचवायचे. गाड्यांस उसंत नव्हती. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्याने वाटेत बैल जुंपले. ही बातमी दुसऱ्या गाडीवानाने घरी पोचवली. पार्बताबाईने दोन दिवस अन्न घेतले नाही आणि मुलाशी बोलणे टाकले. खुशालराव वाईट मनुष्य नव्हता. तो गोंधळला, गावभर सल्ला विचारत फिरला आणि शेवटी त्याने एक तोड काढली. त्याने दुसरी बैलजोडी आणली. घरची जोडी नवसाची, तिचा सोमवार अबाधित राहील. त्या दिवशी विकतची जोडी गाडीला लागेल.

पार्बताबाईने पुष्कळ विचार केला. विकतच्या बैलांनी काय पाप केले आहे, असे तिचे म्हणणे पडले, आणि तिने नव्या जोडीस गुरुवार लावून दिला. सोमवारी एक जोडी निजे, गुरुवारी दुसरी. गाडी एकही दिवस उभी राहीना. योजना कागदावर निर्दोष होती, हे मला कबूल केले पाहिजे. तिच्यात मनुष्यांचा विचार तेवढा राहून गेला होता. खुशालराव सातही दिवस गाडीवर. घरी येई तो जोडी बदलण्यापुरता, आणि भाकरी हातात घेऊनच परत निघे. आणि मनकर्णेस दोघांऐवजी चौघांचे शेण, चौघांचे पाणी, चौघांची सरकी. बैलांना विसावा मिळावा म्हणून केलेल्या सोयीने तिचे काम दुप्पट झाले, आणि ही गोष्ट त्या घरात कोणाच्याही ध्यानात आली नाही. मी ती खुशालरावास एकदा समजावून सांगू लागलो. त्याने ती अदबीने ऐकली आणि ऐकता ऐकता गाडीच्या साटीला टेकून तो झोपी गेला.

माघात एका शनिवारी मनकर्णेस रेच्यावर बसल्या बसल्या डुलकी लागली. कापसाबरोबर तिच्या उजव्या हाताचे बोट लाटांत गेले. जयवंताने दांडा तत्काळ थांबवला म्हणून बोट वाचले; नख गेले. वाड्याचा मुकादम पंजाबराव धावत आला तो डागाळलेली रुई बाजूला काढण्यासाठी. उद्यापासून कापूस जयवंताने सारावा आणि मनकर्णेने दांडा फिरवावा, दांड्याला नखाची गरज नसते, असे त्याने सांगितले. घरी पार्बताबाईने मायेने हळद भरली, चिंधी बांधली आणि गोठा डाव्या हातानेही झाडता येतो, हे लक्षात आणून दिले.

दुसरा दिवस रविवार. शाळेला सुट्टी होती, आणि मी ओसरीवर बसून पुढच्या महिन्याच्या हजेरीपटाच्या रेघा आखत होतो. मनकर्णा दिवसभर दांडा फिरवून आली होती. शेणाची पाटी डाव्या हाताने कमरेवर घेऊन ती ओसरीपुढून जाताना थांबली. ती माझ्याशी सहसा बोलत नसे. तेव्हाही तिने पदर पुढे ओढून, तोंड दुसरीकडे करूनच विचारले.

"पंतोजी, तुमाले ऐतवार हाय. घरच्या जोडीले सोमार हाय, नव्या जोडीले गुरवार. मले कोनता वार हाय, ते जरा तुमच्या पुस्तकात पाहून सांगजा."

मी म्हणालो की पुस्तकात तसे काही नाही.

"मंग एवढ्या रेघा काहून ओढून राहिले?" असे म्हणून ती उकिरड्याकडे गेली.

मी रेघा ओढणे थांबवले नाही. पण त्या महिन्याच्या पटात एका आठवड्यात गुरुवार दोनदा आला, हे मागाहून उघडकीस आले.

सोमवारी मी मुलांना कित्ता घालून दिला. खुशालराव नवी जोडी जुंपून पहाटेच चांदूर बाजाराकडे गेला होता. घरची जोडी गोठ्यात रवंथ करीत होती. मनकर्णेने भाकऱ्या केल्या, पाणी भरले, आणि वाट धरण्याऐवजी घोंगडी उचलून ती गोठ्यात शिरली. दोन बैलांच्या मध्ये, गव्हाणीच्या अंगाला तिने घोंगडी पसरली, दुखरा हात उशाशी घेतला, आणि ती निजली. झरोक्यातून मला हे सर्व दिसले. ते पाहणे योग्य नव्हे म्हणून मी जागा बदलून बसलो. परंतु पुढचे सगळे ऐकू येत होते, आणि काही वेळाने मी पुन्हा जागा बदलली.

दिवस कासराभर वर आल्यावर पार्बताबाईस सून कामावर गेली नसल्याचे कळले. ती हातात केरसुणी घेऊन गोठ्याच्या दारात आली. सुनेस उठवण्यासाठी तिने तोंड उघडले, बैलांकडे पाहिले, आणि मिटले. थोड्या वेळाने पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. गोठ्यात काम सांगायचे नाही, आवाज चढवायचा नाही. कलम तिचेच होते. तिची फार पंचाईत झाली. आत जाऊन खांद्याला धरून हलवावे, तर दोन्ही बाजूंना निजलेले बैल. ती दारातच उंबऱ्यावर बसून राहिली आणि अतिशय हळू आवाजात सुनेच्या माहेरचा उद्धार करू लागली. इतक्या हळू आवाजात इतका संताप मी तोवर ऐकला नव्हता.

दुपारच्या सुमारास पंजाबराव तट्टावर बसून आला. रेचा खोळंबला होता, जयवंता रिकामी बसली होती आणि गाड्या भरायच्या होत्या. मनकर्णा कोठे आहे ते कळताच तो तडक गोठ्याकडे वळला आणि दारातूनच मोठ्याने बोलू लागला की तिची जागा उद्या दुसरीला देईन. पार्बताबाई उठून त्याला आडवी आली.

"हळू बोल. सोमार हाय."

"सोमार बैलायचा असते, पार्बतामाय. बाईचा कधीपासून झाला?"

पार्बताबाईने मागे वळून सुनेकडे पाहिले. स्वतः तिला उठवायला आलेल्या त्या बाईच्या हातात केरसुणी अजून तशीच होती. मग ती म्हणाली, "सोमार गोठ्याचा असते. गोठ्यात जे जे निजलं हाय, त्याचा असते."

"असं? मंग पुढच्या सोमारी मी बी येऊन निजतो."

"ये ना बापा. पन दाव्याले बांधीन."

माझी मुले हसली. कित्त्याच्या तासाला हसल्याबद्दल मी त्यांस शिक्षा करावयास हवी होती, ती राहिली. पंजाबराव तट्टावर बसून निघून गेला. जागा दुसरीस देण्याची धमकी त्याला खरी करता आली नाही, कारण त्या हंगामात पाच कोसांत एकही बाई रिकामी नव्हती. मनकर्णा दिवस कलल्यावर उठली. तोवर पार्बताबाईने चूल पेटवली होती, आणि पीठ मळताना तिची कुजबूज चालूच होती. कारण चूल गोठ्याला लागून होती. आपल्याच नवसाने आपण आपल्या गळ्यात भाकऱ्या बांधून घेतल्या, हा त्या कुजबुजीचा सारांश.

त्यानंतर दर सोमवारी मनकर्णा गोठ्यात निजे. मुकादमाने त्या दिवशी जयवंतास सरकी झाडण्यास लावले. जयवंताच्या घरी बैल नव्हते, आणि म्हणून तिला वार मिळाला नाही. ती एकदा ओसरीशी येऊन मला म्हणाली की एखादी गाय असती तरी चाललं असतं. तिची सोय कोणत्या नियमात बसवावी, हे मला आजतागायत सुचलेले नाही.

लवकरच कापसाचा भाव बसला. विकतची जोडी अकोल्याच्या बाजारात गेली आणि तिच्याबरोबर गुरुवारही गेला. माझी बदली झाली. पुढे तीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी त्या गावी गेलो. शाळेस पक्की इमारत झाली होती. पार्बताबाई कधीच वारली होती. ओसरीवर पांढऱ्या केसांची मनकर्णा तूर निवडत बसली होती. उजव्या हाताचे एक बोट तिने जरा वेगळे धरले होते. मी माझी ओळख मोठ्या आवाजात सांगू लागलो, कारण तिला कमी ऐकू येत असेल अशी माझी समजूत झाली. तिने तेच बोट ओठांवर ठेवले आणि मागच्या भिंतीकडे मान केली.

"हळू, पंतोजी. सोमार हाय. सून निजली हाय आत," ती कपाळाला आठ्या घालून कुजबुजली. "अन् जेवल्याबिगर जाऊ नोका. भाकरी मीच टाकून राहिली. दर सोमारी मलेच टाका लागते."